नातवाला दिलेला शब्द आणि माळ्यावर ठेवलेली बेचकी

(एका वाचकांच्या पत्राचा सारांश. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.)

पत्रलेखकांचे वय 66 आहे. ते एसटीच्या कार्यशाळेतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. मूळ गाव सातारा जिल्ह्यातले, परंतु आता पुण्याच्या उपनगरात मुलगा, सून, दहा वर्षांचा नातू आणि सात वर्षांची नात यांच्यासह राहतात. मे महिन्यात नातवाला गावी नेऊन त्यांनी पेरूच्या फांदीची बेचकी करून दिली. पुण्याला परतल्यावर सोसायटीच्या आवारात नातवाने मारलेला दगड शेजारच्या मुलाच्या कानाजवळून गेला आणि उभ्या मोटारीच्या काचेवर आदळला. सूनबाईंनी बेचकी माळ्यावर ठेवली आणि "बाबा, अशी वस्तू पुन्हा त्याच्या हातात देऊ नका" एवढेच म्हणाल्या. मुलगा काहीच बोलला नाही. पत्रलेखकांना ते फार लागले आहे. त्यातच, दिवाळीत कार्बाइडच्या डब्याचा बार काढून दाखवीन, असा शब्द त्यांनी नातवाला गावीच देऊन ठेवला आहे आणि नातू रोज आठवण करतो. ते लिहितात, "विटी-दांडू, बेचकी, ओल्या मातीत रुतवायची सळई, पाठीला डबा बांधून विहिरीत मारलेल्या उड्या, सगळे आम्ही केले. एका मित्राचा डोळा तेवढा अधू झाला, बाकी कोणाचे काही बिघडले नाही. आताची मुले मोबाइल धरून बसतात आणि आपण त्यांना भित्री करून ठेवतो. मी शब्द पाळावा की मोडावा?"

काका,

कार्बाइडचा डबा नातवाला करून देऊ नका. हे आधीच सांगून टाकते, कारण दिवाळी जवळ आली आहे आणि या एका गोष्टीत मला दुसरी बाजू दिसत नाही. तुमच्या उरलेल्या पत्राबद्दल मात्र मला पुष्कळ बोलायचे आहे, आणि त्यातला बराच भाग तुमच्या बाजूचा आहे.

तुम्ही आयुष्यभर कार्यशाळेत काम केले आहे, त्यामुळे कार्बाइडवर पाणी पडले की काय होते हे मी तुम्हाला शिकवावे असे नाही. त्यातून निघणारा वायू म्हणजे गॅस वेल्डिंगच्या टाकीतला तोच ॲसिटिलीन. कार्यशाळेत टॉर्च पेटवताना गॉगल घालायचा, नळी आणि जोड तपासायचे, टाकीजवळ विडीसुद्धा ओढू द्यायची नाही, हे नियम तुम्ही स्वतः पाळले असतील आणि हाताखालच्या पोरांकडून पाळून घेतले असतील. तोच वायू डब्यात कोंडून दहा वर्षांच्या मुलाला काडी लावायला द्यायची, तर त्या डब्याला ना गेज असतो ना झडप. आत किती वायू जमला हे सांगायला काहीच नसते. बार झाला नाही की मूल काय करते, तेही तुम्हाला आठवत असेल. ते वाकून आत पाहते, आणि नेमका तेव्हाच भडका उडतो. 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात प्लास्टिकच्या पाइपच्या कार्बाइड बंदुका रस्त्यावर खेळणे म्हणून विकल्या गेल्या आणि भोपाळ, विदिशा व आसपासच्या भागांत शंभराहून अधिक जणांना डोळ्यांच्या इजा होऊन रुग्णालयांत न्यावे लागले. त्यांत बहुतेक मुले होती आणि काहींची दृष्टी गेली. भडक्याबरोबर आतला ओला चुनाही डोळ्यांत उडतो, आणि चुना डोळ्याचा पारदर्शक पडदा भाजून काढतो. हे वाचणाऱ्या इतरांसाठी इथेच सांगते, की चुना किंवा कार्बाइडचा गाळ डोळ्यात गेला तर डोळा चोळू नये, दूध, तूप, मध यांतले काहीही घालू नये, पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळा निदान पंधरा-वीस मिनिटे धुवावा आणि तसेच रुग्णालय गाठावे.

आता तुमच्या पत्रातल्या त्या वाक्याकडे येते. "एका मित्राचा डोळा तेवढा अधू झाला, बाकी कोणाचे काही बिघडले नाही." आठ पानांच्या पत्रात विहिरीसाठी तुम्ही दीड पान दिले आहे, बेचकीच्या रबरासाठी अर्धे पान, आणि त्या मित्रासाठी अर्धी ओळ. मला तुम्हाला दोष द्यायचा नाही. आठवण अशीच काम करते. जे पुन्हा पुन्हा सांगितले जाते ते चकचकीत राहते आणि जे कोणी विचारत नाही ते मागे पडते. पण त्या अर्ध्या ओळीपाशी थोडे थांबा. तो डोळा कशाने गेला? विटीने, दगडाने, की कार्बाइडनेच? नंतर त्याची शाळा सुटली का? त्याने पुढे काय केले? त्याच्या आईने त्या दिवशी काय केले? "आमचे काही बिघडले नाही" हे वाक्य ज्यांचे बिघडले नाही तेच म्हणू शकतात, आणि पारावर बसून जुन्या गोष्टी रंगवणाऱ्यांत तेच अधिक असतात.

माझ्या स्वतःच्या घरातली गोष्ट सांगते. आमच्याकडे कोल्हापूरच्या बाजूला पहिला पाऊस पडून जमीन मऊ झाली की मुले हातभर लोखंडी सळई घेऊन निघत. सळई फेकून मातीत रुतवत पुढे जायचे, आणि जिथे ती आडवी पडेल तिथून हरलेल्याने लंगडी घालत परत यायचे. माझा भाऊ नऊ वर्षांचा असताना त्याने फेकलेली सळई त्याच्याच पायाच्या अंगठ्याशेजारी आरपार गेली. ती काढली तेव्हा कंदील माझ्या हातात होता. सळईच्या टोकाला चिकटलेली काळी माती आणि त्या मातीतून हळूहळू वर येणारे रक्त मला आजही दिसते. भाऊ आज साठीला आला आहे आणि ती गोष्ट रंगवून, हसत हसत सांगतो. त्या खुणेचा त्याला अभिमानही आहे. आई मात्र शेवटपर्यंत त्या गोष्टीला कधी हसली नाही. भाऊ बोलू लागला की ती उठून आत जायची. तुमच्या सूनबाई आज जिथे उभ्या आहेत तिथे तेव्हा माझी आई उभी होती, आणि तिला कोणी भित्री म्हटलेले मला सहन झाले नसते.

आणखी एक विचारते. तुम्ही लिहिले आहे की 1972 च्या दुष्काळात तुम्ही बारा वर्षांचे होता आणि त्या वर्षी इतके हुंदडलात तितके पुन्हा कधी नाही. त्या वर्षी मोठी माणसे कुठे होती? दुष्काळी कामांवर, खडी फोडायला आणि तळ्यातला गाळ काढायला. घरात मुलांकडे पाहायला कोणी नव्हते म्हणून सगळे रान तुमचे होते. ते स्वातंत्र्य तुम्हाला कोणी विचारपूर्वक दिले नव्हते; ते आईवडिलांच्या ओढगस्तीतून तुमच्या वाट्याला आले होते. तुमच्या आईला सवड असती, तर तिनेही एखादी बेचकी माळ्यावर टाकली असती, असे मला वाटते.

एवढे सांगितल्यावर आता तुमच्या बाजूने बोलते, कारण तुमची तक्रार खोटी नाही. आजच्या मुलांच्या हाताला काम उरलेले नाही. दहा वर्षांच्या मुलाला गाठ मारता येत नाही, खिळा सरळ ठोकता येत नाही, झाडावर किती वर जावे हे कळत नाही, कारण ते कधी चढलेलेच नसते. तुमच्या नातवाने गावी दोन दिवस बेचकीसाठी काय काय केले ते तुम्ही इतके बारकाईने लिहिले आहे की मला ते डोळ्यांसमोर दिसले. दोन्ही बाजू सारख्या असलेले बेचके शोधत त्याने सगळी बाग पालथी घातली, तुम्ही कापलेल्या फांदीची साल त्याने सोलली, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या सारख्या रुंदीच्या निघेनात म्हणून चार ट्यूब वाया घालवल्या, तुमच्या जुन्या चपलेच्या चामड्याला भोके पाडली आणि रात्री ते सगळे उशाशी घेऊन झोपला. काका, या दोन दिवसांत दगड एकदाही उडालेला नव्हता, आणि तरीही तुमच्या पत्रातला सर्वांत आनंदाचा भाग हाच आहे. तुम्हाला ज्याची हुरहूर लागली आहे ते इथे आहे, असे मला वाटते. तुमच्या लहानपणी खेळणे विकत मिळत नसे. ते कोणीतरी जाणत्या हाताने करताना पाहून, चुकत चुकत आपण करायचे असे. त्यात कधी रक्त निघे, हे खरे. पण रक्त निघाल्यामुळे काही गोडी आलेली नव्हती.

मग मुलाला कुठला धोका द्यायचा आणि कुठला द्यायचा नाही? मी इतकी वर्षे पालकांशी बोलताना एकच कसोटी वापरत आले आहे. तो धोका मुलाला दिसतो का, आणि तो वाढू लागला की थांबणे मुलाच्या हातात असते का? चिंचेवर चढणाऱ्या मुलाला फांदी लवू लागली की पायाला कळते, पोटात खड्डा पडतो आणि ते आपसूक खाली उतरते. उद्या ते एक फांदी जास्त चढते. असे मूल धीट होते आणि शहाणेही होते. डब्यात साठलेला वायू दिसत नाही. नायलॉनचा मांजा दुचाकीवरच्या माणसाला गळ्याशी येईपर्यंत दिसत नाही, आणि त्यावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये देशभर बंदी घातली ती उगाच नव्हे. पतंग उडवायचा तर साध्या सुती दोऱ्याने उडवावा. विहिरीच्या तळाचा दगड आणि कपार वरून उडी मारणाऱ्याला दिसत नाही, म्हणून पोहणे शिकवायचेच, पण गावच्या विहिरीत नव्हे, तलावात, पट्टीच्या पोहणाऱ्याच्या हाताखाली.

बेचकीबद्दल मला सूनबाईंचे म्हणणे अर्धे पटते. सोसायटीत ती नकोच. जिथे कोपऱ्यावरून केव्हाही एखादे मूल धावत येते तिथे नेम धरणारा कितीही सावध असला तरी उपयोग नाही. तिची जागा गावी, मोकळ्या शेतात, मागे मातीचा बांध आहे अशा ठिकाणी मांडलेल्या रिकाम्या डब्यांसमोर, आणि तेही तुम्ही शेजारी उभे असताना. पाखरांवर ती कधीही रोखायची नाही. तुमच्या वेळी मुले व्हले, कवडे, पोपट सर्रास पाडत असत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितले असते. विटी-दांडूला पुष्कळ जण निरुपद्रवी समजतात, पण टोले हाणलेली विटी डोळ्याला लागून झालेल्या इजा नेत्रतज्ज्ञांना नव्या नाहीत. म्हणून वकट, लेंड, मूंड, नाल हे मोजमाप शिकवण्याआधी टोल्याच्या वेळी कोणी कुठे उभे राहायचे ते शिकवा. विटीची टोके फार अणकुचीदार ठेवू नका, झेल घेणारी मुले चांगली लांब ठेवा आणि मैदानावर दुसरा खेळ चालू असेल तर तो संपेपर्यंत थांबा.

भोवरा मात्र आजच हातात द्या. त्याला फार जागा लागत नाही, पायात बूट असले की आरेची, म्हणजे खालच्या लोखंडी टोकाची, भीती बरीच कमी होते, आणि तो यायला वेळ लागतो, हेच त्याचे मोल आहे. जाळी, म्हणजे भोवऱ्याची दोरी, खालून आरेपासून गुंडाळायला घ्यायची, वेढ्याला वेढा लागून आला पाहिजे, वर चढायचा नाही. शेवटचे टोक बोटात अडकवायचे आणि फेकल्यावर हात झटकून मागे घ्यायचा. पहिले पाच-पन्नास वेळा भोवरा आडवा लोळत जाईल. त्या वेळी त्याच्या हातातून घेऊन तुम्ही फिरवून दाखवू नका. फार अवघड आहे ते, मला माहीत आहे.

आणखी काही सुचत नसेल तेव्हा पुण्यातलेच एक उदाहरण आठवा. आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षे आगकाड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, झाडूच्या काड्या आणि रिकाम्या बाटल्या यांतून खेळणी घडवली. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या खेळण्यांच्या कृती इंटरनेटवर विनामूल्य आहेत आणि पुष्कळशा मराठीतही आहेत. ज्या मोबाइलवर तुमचा इतका राग आहे त्याच्यावरच त्या नातवाबरोबर बसून पाहता येतील. कारखान्यात तयार होणाऱ्या खेळण्यांवर 2021 पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले आहे. घरी केलेल्या खेळण्यावर कोणाचेच चिन्ह नसते, त्यामुळे प्रत्येक कडेवरून, कुसळावरून आणि खिळ्याच्या टोकावरून तुमचा स्वतःचा हात फिरला पाहिजे.

सूनबाईंशी कसे बोलावे, हे तुम्ही विचारलेले नाही, पण सगळ्या पत्रात खरी गाठ तिथेच आहे. त्यांचे वाक्य पुन्हा वाचा. त्यांनी आवाज चढवला नाही, बेचकी मोडली नाही, कचऱ्यात टाकली नाही, माळ्यावर ठेवली. शेजारच्या मुलाच्या आईसमोर त्या दिवशी त्यांना उभे राहावे लागले असेल आणि काचेचे पैसेही कोणीतरी भरले असतील. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. तुम्ही आपण होऊन त्यांना म्हणा, "दगडाचे ते माझे चुकले. गावची वस्तू मी इथे आणायला नको होती." वडीलधाऱ्या माणसाने सुनेला असे म्हणण्याची आपल्या घरांत पद्धत नाही, याची मला कल्पना आहे. तरीही म्हणा, आणि लगेच बेचकी परत मागू नका. काही दिवस जाऊ द्या आणि मग त्यांना विचारा, की याने काय काय करून पाहिलेले तुला चालेल? करवत चालेल का? झाडावर चढलेला चालेल का, आणि कुठल्या फांदीपर्यंत? ज्या आईला आधी विचारले जाते ती बऱ्याच गोष्टींना हो म्हणते, हा माझा अनुभव आहे. मुलगा गप्प बसला म्हणून त्याच्यावर रागावू नका. बायको आणि वडील यांच्यामध्ये उभा राहिलेला माणूस पुष्कळदा गप्पच बसतो. त्याला एखादे काम सांगा.

आणि नातीचे काय, काका? तुमच्या पत्रात ती फक्त एका ओळीत, घरात कोण कोण आहे हे सांगताना येते. "आम्ही सगळे" असे तुम्ही जिथे जिथे लिहिले आहे तिथे तुमच्या बहिणी होत्या का? त्या बहुधा लहान भावंडाला कडेवर घेऊन कडेला उभ्या असतील, नाहीतर ओट्यावर सागरगोटे खेळत असतील आणि चुलीपाशी हात भाजून घेत असतील; त्या जोखमीला कोणी धाडस म्हटले नाही. सात वर्षांच्या मुलीच्या हातात पान्हा उत्तम बसतो. तिलाही बोलवा.

राहिला तुम्ही दिलेला शब्द. तो मोडावा लागेल, आणि तुम्ही तो नातवासमोर, सरळ सांगून मोडावा. "आई नको म्हणते" असे मुळीच सांगू नका. त्याने मुलगा आईवर रुसेल आणि चोरून खटाटोप करील. त्याला तुमच्या मित्राची गोष्ट सांगा, नाव घेऊन, जशी घडली तशी. शक्य असेल तर आधी त्या मित्राला फोन करा. कितीतरी वर्षांत तुमचे बोलणे झाले नसेल. मग नातवाला सांगा की हा वायू मी रोज हाताळत होतो आणि गॉगलशिवाय त्याच्याजवळ जात नव्हतो, म्हणून तुला तो डबा देणार नाही. मी शब्द द्यायला नको होता. दहा वर्षांच्या मुलाला हे कळते. चिडेल, एक-दोन दिवस बोलणार नाही, तेवढे सोसा.

त्या शब्दाच्या बदल्यात त्याला जे द्यायचे ते तुमच्याइतके चांगले कोणी देऊ शकणार नाही. एखाद्या गॅरेजमधून बाद झालेली तीन बेअरिंग मागून आणा आणि बेअरिंगची गाडी करा, मागे दोन, पुढे एक, पुढचा आडवा दांडा मधल्या बोल्टवर वळणारा आणि त्याला वळवायला दोरी. सिमेंटवर तिचा खरखराट असा होतो की कार्बाइडच्या बाराची उणीव त्याला भासणार नाही. करवत त्याला धरू द्या, बोल्ट त्याला आवळू द्या, एखादे बोट चेपले तर पाण्याखाली धरून पुन्हा कामाला लावा. टाचेने दाबायचा लाकडी ब्रेक आधी बसवा आणि मगच गाडी खाली न्या. जिथे वाहने येत नाहीत अशा ठिकाणी, बेताच्या उतारावर, डोक्यावर सायकलचे हेल्मेट घालून. गुडघे फुटतील, आणि ते चालेल असे सूनबाईंकडून आधी ठरवून घ्या. फळी आणायला मुलाला पाठवा. ती जरा लांबच आणायला सांगा, मागे नातीला बसता येईल एवढी.